जगदाळे आणि दारातल्या चपला

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे पाहुणे आले की त्यांच्या चपला दारात जितक्या निवांत पडायला हव्यात तितक्या पडू शकत नसत. चोरी कधी झाली नाही. पण पाहुणे आत चहा पीत असायचे आणि बाहेर जिन्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भानुदास जगदाळे उकिडवे बसून त्यांतली एक चप्पल तपासत असायचे. टाच चवड्याला टेकेपर्यंत ती दुमडायची, मग एकदम सोडून द्यायची. चप्पल चटकन सरळ झाली तर मान डोलवायची. अर्धवट वाकडी राहिली तर "पीव्हीसी" एवढंच म्हणायचं, वाया गेलेल्या पुतण्याबद्दल बोलावं तशा आवाजात. मग नखाने तळ खरवडायचा. मग वास घ्यायचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मामेबहिणीची सँडल त्यांच्या नाकाशी होती.

"वहिनी," ते जराही न दचकता म्हणाले, "पाव्हन्या बाईंना सांगा, ही सँडल दिवाळी बगत न्हाई."

मामेबहीण पुन्हा आमच्याकडे आली ती कॅनव्हासचे बूट घालून, आणि ते तिने आत आणून सोफ्याखाली ठेवले.

सानपाड्याला स्टेशन होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आजूबाजूला बिल्डिंगी कमी आणि बिल्डिंगींसाठी खणलेले खड्डे जास्त होते. मी वाशीच्या मार्केटमध्ये एका कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात फोन घेण्याचं काम करत होते. घरी मी, माझा नवरा आणि सासूबाई. तिसऱ्या मजल्यावर आमच्या समोर जगदाळे भाड्याने राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या बाजूला एका कारखान्यात मशिनवर सुपरवायझर. तिथे बुटांचे सोल, बायकांच्या सँडलच्या टाचांखालचे तुकडे, हवेच्या मशिनींना लागणारे पाइप असलं काय काय निघायचं. निघायचं ते सगळं एकाच मालातून, आणि त्या मालाचं नाव जगदाळे कधीही अर्धं घेत नसत. "थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन," असं ते सबंध म्हणायचे, सावकाश. देवाचं नाव घेतल्यावर माणूस थांबतो तसे क्षणभर थांबायचे. मग घाई असली तर "टीपीयू".

"रबरावानी ताणतं, प्लास्टिकवानी वितळतं," हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं ते सांगता यायचं नाही. "रबर एकदा शिजलं की शिजलं, परत पातळ होत न्हाई. ह्ये परत तापवा, परत साच्यात घाला, परत नवं. घासा, पिळा, तेलात ठेवा. खोड एकच. पानी पितं. दानं सुकवल्याशिवाय मशिनात घातलं की मालात फोड येतो. बाहेरनं दिसत न्हाई, पन आतनं कच्चा."

हे दाणे त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असत. पांढरट, थोडे पारदर्शक. सासूबाईंना एकदा ते "बगा तरी" म्हणून तळहातावर द्यायला गेले. सासूबाईंना वाटलं कुठल्या देवस्थानचा प्रसाद आहे. त्यांनी एक दाणा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. शेवटी म्हणाल्या, "खडीसाखर जुनी दिसते."

"काढा, काढा," जगदाळे कासावीस होऊन म्हणाले. मला वाटलं, सासूबाईंच्या पोटाची काळजी. तर ते म्हणाले, "सुकवलेला दाना हाय तो."

त्यांचे उपकारही असेच असायचे. माझ्या शिलाई मशिनचा चामडी पट्टा तुटला तर संध्याकाळी ते त्याच मालाची, पेन्सिलीएवढी जाड हिरवी दोरी घेऊन आले. माझी भाजी चिरायची सुरी गॅसवर लाल केली, दोरीची दोन टोकं सुरीच्या दोन बाजूंना टेकवली, वितळल्याबरोबर सुरी ओढून काढली आणि टोकं एकमेकांवर दाबून धरली. पट्टा अखंड झाला. मशिन अजून त्याच पट्ट्यावर चालतं. सुरी मात्र त्या दिवसानंतर कशालाच उपयोगी पडली नाही, आणि घरात दोन दिवस जळकट वास होता. सासूबाईंच्या काठीला त्यांनी खाली बसवायला एक टोपण करून आणलं. ते फरशीला इतकं घट्ट धरायचं की काठी जागेवर राहायची आणि सासूबाई पुढे जायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दाराखाली अडकवून दार उघडं ठेवायच्या कामाला लावलं.

लग्नकार्यात ते आहेर म्हणून टाचांच्या तुकड्यांची पिशवी द्यायचे. नळ गळला की प्लंबरच्या आधी यायचे. अर्धी बिल्डिंग त्यांना टाळायची, कारण जिन्यात गाठ पडली की सुटका नसे. ते बोलत राहायचे आणि बोलताना तुमच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघायचे.

बायकांना ते आवडत नसे, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. कारण नीट पाहिलं तर लक्षात यायचं, की ते दुमडतात, हुंगतात त्या बहुतेक चपला बायकांच्याच असतात.

याचा स्फोट म्हात्र्यांच्या पूजेत झाला. म्हात्रे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि जगदाळ्यांचे घरमालक. मूळ इथल्याच गावातले. जमीन शहरात गेली, तिच्या बदल्यात आलेल्या पैशातून त्यांनी दोन फ्लॅट घेतले, एकात स्वतः राहायचे. पूजेला गर्दी होती, दारात चपलांचा ढीग. आरती संपवून आम्ही बाहेर आलो तर जगदाळ्यांनी तो ढीग मोडून चपलांची लांबच लांब रांग लावली होती, तळाच्या मालाप्रमाणे. स्वतः सगळ्यात वरच्या पायरीवर बसून म्हात्र्यांच्या मेहुणीची नवी कोरी, खडे लावलेली सँडल दुमडत होते. आम्ही बघत असतानाच तिची टाच निखळून खाली गेली, पायऱ्यांवरून टक टक करत खालच्या मजल्यापर्यंत.

"जगदाले," म्हात्रे म्हणाले, "तुमी पूजेला आलाव का चपला मोजाला?"

"गोंदानं चिकटवली होती ओ नुस्ती," जगदाळे म्हणाले. "पन पट्टा बगा कसला बारीक घातलाय. कुठनं घेतली, बाई?"

मेहुणी रडायला लागली. तिच्या भावाने जगदाळ्यांची कॉलर धरली. म्हात्र्यांनी मध्ये पडून सोडवलं. बायकांमध्ये कुजबुज झाली ती मी इथे लिहीत नाही. त्यानंतर लोक चपला दाराच्या आत काढायला लागले.

जगदाळ्यांना बायको होती. शालन तिचं नाव. हे मला माहीत होतं, कारण भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. बाकी ती कुणाला दिसत नसे. हळदीकुंकवाला बोलावलं तर दाराच्या फटीतून "अंगात बरं न्हाई, ताई" म्हणायची. फटीतून अर्धा चेहरा दिसायचा, गोरा आणि हसरा. सासूबाई म्हणायच्या, असल्या नवऱ्याची बायको बाहेर कुठल्या तोंडाने येणार. आम्हाला ते पटण्यासारखं होतं.

मग एका आठवड्यात पाणी गेलं. नवी मुंबईत तेव्हा पाइप फुटायचे, दोन-दोन दिवस नळाला नुसती हवा यायची. सकाळी टँकर आला आणि सगळ्या बायका हंडे, बादल्या घेऊन खाली धावल्या. गर्दीत मला शालन दिसली. डोक्यावरून पदर, हातात कळशी, पायात साधी निळ्या पट्ट्यांची स्लिपर. तिने कळशी भरली आणि कुणाशी न बोलता वर गेली.

थोड्या वेळाने तळमजल्यावर आरडाओरडा सुरू झाला. जिन्यावर रक्त होतं. सांडलेलं नव्हतं, पावलं उमटली होती. एकाच पायाची, एका आड एक पायरीवर, वर जाणारी. कुणीतरी खून झाला म्हणालं, कुणीतरी पोलिसांना बोलवा म्हणालं, पण वर जायला कुणी तयार नव्हतं. माझं घर वरच होतं. मी बादली तिथेच ठेवली आणि पावलांच्या कडेकडेने चढत गेले. पहिला मजला, दुसरा, तिसरा. माझ्या दारासमोर पावलं वळली आणि जगदाळ्यांच्या उघड्या दारातून आत गेली.

शालन स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. कळशीतलं पाणी माठात ओतत होती.

"या की, ताई," ती म्हणाली. "आज दार उघडंच राहिलं."

तिच्या डाव्या पायाखालची फरशी लाल झाली होती.

"शालनताई, तुमचा पाय," मी म्हणाले.

तिने खाली बघितलं. दूध उतू गेलेलं दिसावं तसं बघितलं. मग ओट्याला धरून पाय उचलला. फुटलेल्या बाटलीची काच स्लिपरमधून आरपार तळव्यात गेली होती. टँकरपाशी गेली असणार. ती तशीच भरलेली कळशी घेऊन तीन मजले चढली होती.

रक्ताला ती घाबरली नाही. ती घाबरली ते माझ्यामागच्या दाराला.

"दार लावा आधी," ती म्हणाली. "ताई, हात जोडते, दार लावा."

मी दार लावलं. पाय फडक्याने बांधला आणि म्हात्र्यांच्या घरून कारखान्यात फोन केला. जगदाळे रिक्षाने आले, धापा टाकत. जमिनीवर बसले, तिचा पाय मांडीवर घेतला, चिमट्याने काच काढली, जखम धुतली. त्या वेळात तिने "आई गं" सुद्धा म्हटलं नाही. मलाच बघवत नव्हतं. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी ती स्लिपर उचलली आणि खिडकीतून बाहेर फेकली.

"तिला कळत न्हाई, वहिनी," ते मग म्हणाले. "दोन्ही पायांना. लग्नानंतर रोग झाला. महारोग. आता बरा हाय. गोळ्या पुऱ्या केल्या, डॉक्टरनी सांगितलंय कुनाला लागायचा न्हाई. पन पाय गेलं ते गेलं. खिळा टोचला काय, विस्तव लागला काय, तिला पत्ताच न्हाई."

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणाले.

"जिन्यात उमटलंय की सगळं," जगदाळे म्हणाले.

घरी आले तेव्हा सासूबाई पायऱ्यांवर पाणी ओतून झाडूने खसाखसा घासत होत्या. दोन दिवस जपून वापरायचं पाणी. मग त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली. भिंतीपलीकडचं त्यांनी ऐकलं होतं.

जखम साधी वाटली होती, पण ती आत गेली. आठवड्याभरात शालनला ताप चढला आणि तिला वाशीत हॉस्पिटलमध्ये ठेवलं. माझं ऑफिस तिथून जवळ होतं, म्हणून ऑफिस सुटलं की डबा मी न्यायचे. जगदाळे पाळी संपवून संध्याकाळी यायचे आणि तिथेही त्यांना चैन पडत नसे. एकदा सलाइनची नळी बोटांत धरून त्यांनी दुमडून बघितली. सलाइन थांबलं. नर्स धावत आली आणि तिने त्यांना वॉर्डबाहेर काढलं. "पीव्हीसी हाय ओ," ते दारातून मला म्हणाले.

शालन हसली. तिला एवढं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"भाईर फार बोलतात का हो ते?" दुसऱ्या दिवशी, ते यायच्या आत, तिने मला विचारलं.

"फार," मी म्हणाले.

"घरात एक शब्द न्हाई. येतात, हातपाय धुतात, माझं पाय मांडीवर घेतात आन् बगतात. रोज. फोड आलाय का, चीर पडलीया का. मग जेवून झोपतात. दुसऱ्या बायकांच्या तोंडाकडं नवरं बगतात, माझ्या पायाकडं." तिने चादर पायांवर ओढून घेतली. "चुकी माझीच हाय, ताई. त्यांनी मला चपला करून दिल्यात. खालनं त्यांचा तो कारखान्याचा माल, खिळा सुदीक आत जात न्हाई. वरनं मऊ रबर. पन दिसतात कशा, सांगू? एक निळी, एक तपकिरी. मशिनात ज्या दिवशी जो रंग असंल तो. पट्टा ह्यो एवढा रुंद. तसली चप्पल घालून भाईर पडलं की लोकांना न सांगता कळतं. आमच्या गावाकडं तसल्या चपला कोन घालतं ते सगळ्यांना ठावं हाय. म्हनून मी घालायची न्हाई. घरात बसायची. मी त्यांना एकदा म्हनलं, मला चारचौघीसारखी करा, मग जाईन मी भाईर."

मी डबा बंद करत होते.

"तवापास्नं हेच," शालन म्हणाली. "बायकांच्या चपला बगत फिरतात. पट्टा कसा घेतलाय, टाच कशी काढलीया. घरी येऊन कापतात, जोडतात. एकीचा पट्टा काचला, एक सैल झाली, एक वाकडी. लोक काय म्हनतात ते मला बी ऐकू येतं, ताई. भिंती पातळ हायत. मी त्यांना म्हनलं, सोडा ह्यो नाद, लोक वाईट समजतात. तर म्हनले, समजू दे. माझ्याकडं बगतात तवर तुझ्याकडं कोन बगत न्हाई."

त्या दिवशी दुपारी डॉक्टर येऊन तिला सांगून गेले होते. विष हाडापर्यंत गेलं आहे, पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. नवरा आला की केबिनमध्ये पाठवा. तिने मला ते अगदी शेवटी सांगितलं, मी उठल्यावर. मी परत बसले.

जगदाळे आले ते प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून. कॉटच्या कडेला बसले आणि त्यांनी पिशवीतून चपलांचा जोड काढला. मी त्या चपलांबद्दल एवढंच सांगते, की दुकानात दिसल्या असत्या तर मी किंमत विचारली असती. दोन्ही एकाच रंगाच्या, काळसर लाल. पट्टा बारीक, त्यावर छोटा गोंडा. तळ पातळ दिसत होता.

"ह्या बारीला दाने रात्रभर सुकवलं," ते तिला म्हणाले. माझ्याकडे बघतही नव्हते. "मालकानं साचा दिला. आतनं मऊ हाय, बोट लावून बग. काचायचं न्हाई कुठं." त्यांनी डावी चप्पल उचलून दुमडली, सोडली. ती सरळ झाली. "बग."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शालनने माझ्याकडे बघितलं आणि किंचित मान हलवली. मग तिने चप्पल हातात घेतली, उलटी सुलटी केली, पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"गोंडा झ्याक झालाय," ती म्हणाली.

"व्हय?"

"व्हय. कुठनं आनला?"

मग त्यांनी तिला गोंड्याची हकीकत सांगितली. वाशीच्या कुठल्या दुकानात गेले, दुकानदार काय म्हणाला, यांनी काय उत्तर दिलं. ती सगळं विचारत राहिली, पट्टा कसा शिवला, रंग कुणी निवडला. माझ्या माहितीत ते दोघं एवढं बोलले ते तेव्हाच. बोलून संपल्यावर ती म्हणाली, "आता डाक्टरांकडं जाऊन या. बोलावलंय."

ते गेले. चपला कॉटवरच होत्या.

शालन घरी आली तोवर बिल्डिंगला सगळं कळलं होतं. खाली पार्किंगमध्ये मीटिंग झाली. मी उठून सांगितलं, की डॉक्टरांशी मी स्वतः बोलले आहे, रोग कधीच बरा झाला आहे, कुणाला धोका नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो, पण आमच्या घरात लहान मुलं आहेत." त्यावर पुष्कळ माना हलल्या. जिन्याचा कठडा पुसून घ्यायचा का, यावर बराच वेळ चर्चा झाली. माझ्या नवऱ्याने मला खाली बसवलं.

म्हात्रे दुसऱ्या दिवशी जगदाळ्यांकडे आले. मी तिथेच होते. ते आत येऊन खुर्चीवर बसले, पाणी मागितलं आणि शालनच्या हातचं पाणी प्याले.

"मना ठाव हाय काय धोका नाय तो," ते म्हणाले. "आमचे गावान पन व्हता एक. पन ही लोका ऐकाची नाय, जगदाले. उद्या हिला जिन्यान कोन काय बोल्लं त तुमाला सहन होनार हाय का? माझी बहीन मोऱ्याला रेते, जेट्टीजवल. तिची खोली हाय मोकली. मी तिला सगला सांगून ठेवलाय. ती बोल्ली, येऊ दे."

जगदाळे बराच वेळ म्हात्र्यांच्या पायांकडे बघत होते. मग म्हणाले, "कवा जायचं?"

टेम्पो म्हात्र्यांनीच आणला. सामान उतरल्यावर जगदाळ्यांनी शालनला पाठुंगळीला घेतलं आणि ते जिना उतरायला लागले. तिच्या कुबड्या घेऊन मी मागे होते. भर सकाळ होती, रविवार, सगळे घरात होते. दारं लोटलेली होती, पण लावलेली नव्हती. प्रत्येक फटीत कुणीतरी होतं. शालनने पदर तोंडावर ओढून घेतला होता. पहिल्या वळणावर जगदाळे दम खायला थांबले, तेव्हा तिने तो मागे सारला. मग खालपर्यंत पुन्हा घेतला नाही. एकेका दाराकडे सरळ बघत ती गेली. तळमजल्यावर कुणाचं तरी दार आतून हळूच लागलं.

जगदाळे एक शब्द बोलले नाहीत. टेम्पोत बसतानाही नाही. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. वर आल्यावर म्हणाल्या, "देखणी आहे गं."

वर्ष-दीड वर्षाने मी मोऱ्याला गेले. एकटीच, सुट्टी काढून. जेट्टीच्या रस्त्याला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास भरला होता. खोली सापडायला त्रास पडला नाही, म्हात्र्यांची बहीण दारातच कोळंबी सोलत बसली होती आणि तिच्या शेजारी शालन. तिला रबरी पाय बसवला होता. दोन्ही पायांत त्या लाल चपला होत्या.

"डावीकडची काळजी मिटली आता," ती पायाकडे हात करून म्हणाली. "तिथं खिळा टोचला तरी चालतंय."

म्हात्र्यांची बहीण मोठ्याने हसली. हा विनोद त्यांच्यात नेहमीचा असावा. कारखाना जगदाळ्यांनी सोडला होता, रोज तुर्भ्याला जाणं जमत नव्हतं. जेट्टीजवळ बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडे पाइप आणि वॉशर बसवायचं काम करत होते. दुपारी जेवायला आले. बारीक झाले होते. मला बघून हसले, "आलाव का वहिनी" म्हणाले. इथली बोली त्यांच्या जिभेवर बसायला लागली होती. त्यानंतर बोललो त्या आम्ही तिघी बायका. मी वाट बघत होते, की आता निघेल काहीतरी. माझ्या पायांत नव्या चपला होत्या, मुद्दाम दारातच काढून ठेवल्या होत्या. त्यांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

निघताना ते मला बसपर्यंत सोडायला आले. थांब्यावर एक दगडी बाक होता आणि समोर चिखलात ओहोटीने बसलेल्या होड्या. बस उभीच होती, कंडक्टर शेवटचा झुरका घेत होता. मी पिशवी सावरून उठले.

"बसा की जरा," जगदाळे म्हणाले. "मागनं दुसरी येती."

मी बसले. बस गेली. एकदा त्यांनी घसा साफ केला, मला वाटलं बोलतील. पण ते समोर होड्यांकडे बघत राहिले, हात गुडघ्यांवर ठेवून. दुसरी बस आली, वळून उभी राहिली. मी त्यांच्याकडे बघितलं.

"हिच्या मागनं बी एक हाय," ते म्हणाले.

मी पिशवी परत खाली ठेवली.